मयसभेंत नगररचनेचे धडे

(नभोवाणीवरील भाषण)

महाभारतांतील मयसभेची कथा महाराष्ट्रांतील लहान मुलांनाहि ठाऊक असते. मयासुरानें पांडवांसाठीं अशी कांहीं सभा उभारली कीं, तींत शिरलेल्या दुर्योधनास स्फटिकाची भूमि पाण्यासारखी भासली म्हणून त्यानें वस्त्रें सांवरलीं, आणि जेथें खरेंच पाणी होतें तेथें भूमि समजून तो त्यांत पडला. त्या फजितीचें पर्यवसान पुढें कशांत झालें हें सर्वश्रुत आहे. डोळ्यांना जें दिसतें तें आणि पायांखालीं जें असतें तें यांत तफावत पडली म्हणजे मोठमोठ्यांचीहि फसगत होते, एवढाच त्या कथेचा भाग येथें पुरे आहे.

अलीकडच्या काळांत मयासुराची ती विद्या यंत्रांच्या द्वारें पुन्हां अवतरली आहे. इंग्रजींत तिला ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ म्हणतात. मराठींत ‘आभासी वास्तव’ हा शब्द आतां रूढ झाला आहे. खेळ आणि करमणूक यांसाठीं ती प्रसिद्ध असली तरी, उद्यांचीं शहरें ज्यांच्या हातून घडावयाचीं त्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणांतहि तिचा प्रवेश झाला आहे. फसविणारी विद्या शिकविण्याच्या कामीं कशी येते, आणि येतांना ती आपली फसविण्याची खोड टाकून येते कीं नाहीं, हा प्रश्न केवळ विद्यालयांपुरता नाहीं. ज्यांना त्या शहरांत राहावयाचें आहे त्या सर्वांचा तो प्रश्न आहे.

शिंप्यानें बेतलेलें कापड बिघडलें तर उसवतां येतें; सुताराचें माप चुकलें तर दुसरी खुर्ची करतां येते. नगररचनाकाराची गोष्ट निराळी. त्यानें आंखलेला रस्ता एकदां झाला, त्याच्या दोहों बाजूंस इमारती उभ्या राहिल्या, जमिनींचे व्यवहार झाले, म्हणजे त्यांतली चूक दुरुस्त करावयास दोन पिढ्याहि पुरत नाहींत. शिवाय चुकीचें प्रायश्चित्त तो स्वतः घेत नाहीं. तें त्या रस्त्यानें रोज चालणाऱ्या लोकांना घ्यावें लागतें. अशा स्थितींत विद्यार्थ्यानें चुका कराव्या कोठें? वैद्यकाचा विद्यार्थी शवावर हात बसवितो. नगररचनेच्या विद्यार्थ्याला तशी सोय नाहीं. कागद, पेन्सिल आणि पुठ्ठ्याचा नमुना एवढ्यावरच त्याला दीर्घकाळ भागवावें लागलें.

कागदाचा दोष असा कीं, तो आकाशांतून पाहावयास शिकवितो. एकास हजार या प्रमाणांत काढलेल्या नकाशावर १२ मीटर रुंदीचा रस्ता १२ मिलिमीटरांचा होतो आणि माणूस टिंबाएवढा उरतो. घारीच्या नजरेला सुरेख दिसणारी आकृति पादचाऱ्याला कशी वाटेल, याचा नकाशावरून अदमास बांधणें अनुभवी माणसालाहि कठीण जातें. ब्राझील देशाची राजधानी ब्राझिलिया हें याचें नेहमीं दिलें जाणारें उदाहरण. लुसिओ कोस्टा यांच्या १९५७ सालच्या आराखड्यावरून ती उभी राहिली आणि २१ एप्रिल १९६० रोजीं तिचें उद्घाटन झालें. विमानांतून पाहतां तिची पंख पसरल्यासारखी आकृति डोळ्यांत भरते. परंतु तेथील विस्तीर्ण मोकळ्या जागा पायीं ओलांडणाऱ्याला मात्र त्या आकृतीचा कांहींच उपयोग होत नाहीं. डेन्मार्कचे नगररचनाकार यान गेल यांनीं या दोषाला ‘ब्राझिलिया सिंड्रोम’ असें नांवच देऊन टाकलें.

मुंबईलाहि याचा अनुभव नाहीं असें नाहीं. १८९६ सालीं प्लेगची सांथ आली, १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि दाट वस्तींतून रुंद रस्ते काढण्याचें काम सुरू झालें. वस्तींत हवा खेळावी हा हेतु चांगला होता. पण नकाशावरील सरळ रेघेखालीं ज्यांचीं बिऱ्हाडें आलीं त्यांना दुसरीकडे अधिकच दाटीनें राहण्याची पाळी आली.

घारीच्या या नजरेवर उतारा शोधणारा एक विलक्षण पुरुष पुढें मुंबईसच प्राध्यापक म्हणून आला. पॅट्रिक गेडीस हें त्यांचें नांव. १९१९ सालीं मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचा विभाग निघाला त्याचे ते पहिले प्रमुख होत. त्यांच्यामागून १९२४ सालीं डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनीं तो विभाग सांभाळला. गेडीस मूळचे स्कॉटलंडचे. एडिंबरोच्या किल्ल्याजवळील एक बुरूज त्यांनीं १८९२ सालीं ताब्यांत घेतला. त्याच्या माथ्यावर एक अंधारी खोली होती आणि छतांतील आरसा व भिंगें यांच्या योगानें बाहेरच्या शहराचें हलतें, सजीव चित्र आंतल्या पांढऱ्या मेजावर उमटत असे. गेडीस पाहुण्याला प्रथम एकदम माथ्यावर नेत, तें चित्र दाखवीत, मग उघड्या गच्चीवर खरें शहर दाखवीत, आणि नंतर एकेक मजला उतरत शहर, प्रांत, युरोप, जग असा क्रम समजावून सांगत. या दर्शनानंतर क्षणभर एकट्यानें बसून विचार करावयास एक रिकामी खोलीहि त्यांनीं राखली होती. तींत एका खुर्चीपलीकडे कांहीं नव्हतें. प्रथम भासमान चित्र, लगेच प्रत्यक्ष दर्शन, आणि त्यानंतर चिंतन, असा हा पाठाचा क्रम होता. तो लक्षांत ठेवण्याजोगा आहे, कारण शंभर वर्षांनंतरच्या यंत्रांनाहि त्यावांचून गत्यंतर नाहीं असें पुढें दिसून येईल.

गेडीस यांची चिकाटीहि तशीच होती. १९१४ सालीं त्यांच्या नगर-प्रदर्शनाचें साहित्य हिंदुस्थानांत आणणारें जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेनें बुडविलें. तेव्हां त्यांनीं नवें साहित्य जमविलें आणि १९१५ सालीं मद्रासेस प्रदर्शन भरविलेंच. येथील शहरांविषयीं सल्ला देण्यापूर्वीं ते स्वतः गल्लीबोळ पायीं हिंडत. सरसकट पाडापाडी न करतां अगदीं जरूर तेवढेंच काढावें, विहीर, झाड, देऊळ, अंगण हीं राखावीं, असा त्यांचा आग्रह असे.

चालणाऱ्या माणसाची दृष्टि शाळेंत आणण्याचा यानंतरचा मोठा प्रयत्न अमेरिकेंत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रयोगशाळेंत झाला. १९७० च्या दशकांत डोनाल्ड ॲपलयार्ड आणि केनेथ क्रेक यांनीं तेथें शहराचे मोठे नमुने तयार करविले. ३० फुटांस एक इंच असें त्यांचें प्रमाण असे. या प्रमाणांत उभा माणूस जोंधळ्याच्या दाण्याएवढा होतो. वर टांगलेला कॅमेरा एका बारीक नळींतून या इवल्याशा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणून नमुन्याच्या रस्त्यांतून फिरविला म्हणजे पडद्यावर पाहणारास आपण त्या रस्त्यानेंच चाललों आहों असें वाटे. विशेष हें कीं, या शास्त्रज्ञांनीं आपल्या यंत्रावर आंधळा विश्वास ठेवला नाहीं. मॅरिन परगण्यांतील खऱ्या रस्त्यांवरून कांहीं लोकांना मोटारींतून नेलें, कांहींना नमुन्याचा चित्रपट दाखविला, आणि दोघांच्या अभिप्रायांची तुलना केली. ते पुष्कळ अंशीं जुळले, तेव्हांच या साधनाला किंमत आली. तेथील कॅमेऱ्याच्या कामांत असलेले जॉन डायक्स्ट्रा यांनीं तीच विद्या पुढें १९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटासाठीं वापरली. म्हणजे करमणुकीनें ती नगररचनेपासून घेतली. हल्लीं समजूत उलट असते.

बर्कलीच्या प्रयोगशाळेचा उपयोग केवळ वर्गापुरता राहिला नाहीं. पीटर बॉसलमन यांच्या देखरेखीखालीं तिनें सॅन फ्रान्सिस्को शहरांतील उंच इमारतींच्या सावल्या आणि त्यांच्या पायथ्याशीं सुटणारा वारा यांचा अभ्यास लोकांपुढें मांडला. १९८४ सालीं त्या शहराच्या मतदारांनीं असा कायदा संमत केला कीं, ४० फुटांहून उंच अशा नव्या इमारतीनें सार्वजनिक उद्यानांतील ऊन हिरावून घेऊं नये. सावली ही बाब आंकड्यांत सांगितली तर सभा कंटाळते; बागेंतल्या बांकावर ती सरकत येतांना दाखविली तर कोणालाहि उमगते.

डोक्यावर धारण करण्याच्या यंत्राचा इतिहास याला समांतर चालला होता. १९६५ सालीं आयव्हन सदरलंड यांनीं त्याची कल्पना एका निबंधांत मांडली आणि १९६८ सालीं तें करूनहि दाखविलें. तें छतापासून टांगलेल्या दांड्याला जोडलेलें होतें आणि त्यांत उजळ रेघांच्या साध्या आकृतींपलीकडे फारसें कांहीं दिसत नसे. पुढें १९८० च्या दशकांत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांत फ्रेडरिक ब्रुक्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनीं, संगणकशास्त्रासाठीं बांधावयाच्या ‘सिटर्सन हॉल’ या इमारतींत ती बांधून होण्यापूर्वींच चित्ररूपानें फेरफटका मारण्याची सोय केली. तो फेरफटका करतांना प्रवेशदालनांतील एक आडभिंत येणाऱ्या-जाणाऱ्यांची कोंडी करीलसें त्यांना जाणवलें. नकाशावर ती कोणाला खटकली नव्हती. शिल्पकारांना तें पटलें आणि भिंत सरकविण्यांत आली. आभासी वास्तवाच्या बाजूनें पुष्कळ मोठमोठे दावे करण्यांत येतात. पण त्याचें खरें मोल या एका सरकविलेल्या भिंतींत आहे.

यंत्राची रचना थोडक्यांत सांगतां येईल. माणसाच्या दोन डोळ्यांत सुमारें ६३ मिलिमीटरांचें अंतर असतें. त्यामुळें प्रत्येक डोळ्याला जगाचें किंचित् वेगळें चित्र दिसतें आणि मेंदु त्यांवरून खोली ठरवितो. हें तत्त्व चार्ल्स व्हीटस्टन यांनीं १८३८ सालींच दाखवून दिलें होतें. आजच्या हेडसेटमध्यें दोन डोळ्यांपुढें अशीं दोन चित्रें असतात आणि मस्तक वळेल तसतशीं तीं बदलतात. साधारणपणें सेकंदास नव्वद वेळां. हा बदल सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शाहून अधिक रेंगाळला तर भास मोडतो आणि पाहणारास मळमळूं लागतें. १९६८ सालीं प्रयोगशाळेचें छत अडविणारें हें साधन २०१६ सालापासून बाजारांत विकत मिळूं लागलें, आणि त्यामुळेंच तें विद्यालयांच्या आवांक्यांत आलें.

आतां त्यानें पाठ कसा दिला जातो तें पाहण्याजोगें आहे. समजा, एका विद्यार्थ्यानें नव्या वस्तीच्या मध्यभागीं ९० मीटर लांब-रुंद असा चौक योजिला. कागदावर तो प्रमाणबद्ध दिसतो. भोंवतालच्या इमारतींच्या ओळी नेटक्या आहेत, मध्यें कारंजें आहे. शिक्षक त्याला हेडसेट चढवून त्या चौकाच्या एका कडेला उभें करतात. समोरच्या बाजूची माणसें बाहुल्यांसारखीं दिसतात. कोणी ओळखीचा हात हालवीत असला तरी तो हंसतो आहे कीं रागावला आहे हें कळत नाहीं. माणसाची हालचाल शंभर मीटरांच्या आसपास नजरेला येते, पण चेहऱ्यावरील भाव कळावयास पंचवीस मीटरांच्या आंत यावें लागतें, हें गेल यांच्या पुस्तकांत विद्यार्थ्यानें वाचलेलें असतें. वाचलेलें तेव्हां परीक्षेच्या कामीं येतें. येथें तें त्याला स्वतःला भोगावें लागतें. तो परत जाऊन चौक लहान करतो, एका बाजूस दुकानें पुढें आणतो, मध्यें झाडांची ओळ घेतो, आणि पुन्हां जाऊन उभा राहतो. प्रत्यक्षांत ज्या चुकीला वीस वर्षें आणि कोट्यवधि रुपये लागले असते ती एका दुपारींत होते आणि सुधारते.

दुसरा पाठ सूर्याचा. २१ डिसेंबरच्या भर दुपारीं मुंबईस सूर्य क्षितिजापासून सुमारें साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो, आणि ३० मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेस सुमारें २७ मीटर पडते. हें गणित कागदावरहि करतां येतें. परंतु यंत्रांत सूर्य सकाळपासून संध्याकाळपर्यंत कांहीं क्षणांत फिरवितां येतो, आणि आपण योजिलेलें मुलांचें पटांगण दिवसभर सावलींत राहतें, किंवा भाजीमंडई वैशाखांत दुपारभर तापते, हें विद्यार्थ्याला तेथें उभें राहून दिसतें.

तिसरा पाठ सर्वांत मोलाचा. यंत्रांतील डोळ्यांची उंची बदलतां येते. बर्नार्ड व्हान लीअर प्रतिष्ठानानें ‘अर्बन ९५’ या नांवाचा एक उपक्रम चालविला असून त्यांत पुणें महानगरपालिकेनेंहि भाग घेतला आहे. तीन वर्षांच्या निरोगी मुलाची उंची सरासरीनें ९५ सेंटिमीटर असते. तेवढ्या उंचीवरून शहर पाहिलें तर काय बदल करावेसे वाटतील, हा त्या उपक्रमाचा प्रश्न आहे. हेडसेटमध्यें हा प्रश्न अक्षरशः विचारतां येतो. डोळे ९५ सेंटिमीटरांवर आणले कीं, रस्त्याकडेला उभी केलेली मोटार ही भिंत होते. तिच्यापलीकडून काय येत आहे तें दिसत नाहीं. चाकांच्या खुर्चीवर बसलेल्याच्या उंचीवर आणले कीं, पदपथाची एकच पायरी म्हणजे रस्त्याचा शेवट ठरतो. वीस-बावीस वर्षांच्या धडधाकट विद्यार्थ्याला आपल्याहून दुबळ्या माणसाचें शहर कसें असतें हें इतक्या थोडक्यांत कळविणारें दुसरें साधन सांपडणें कठीण आहे.

येथवर यंत्राची स्तुति झाली. परंतु दुर्योधनाची आठवण ठेवावयास हवी ती यापुढें. डोक्यावर हेडसेट घालून पाहणारांना अंतरें प्रत्यक्षाहून कमी भासतात, ही गोष्ट अनेक प्रयोगांत आढळून आली आहे. अलीकडच्या यंत्रांत हा दोष कमी झाला असला तरी तो अजिबात गेलेला नाहीं. माणसाला दोहों डोळ्यांनीं आडवें सुमारें दोनशें अंशांचें जग दिसतें, तर साधारण हेडसेट शंभर अंशांच्या आसपास दाखवितो. शिवाय डोळ्यांचें भिंग एका ठराविक अंतरावर स्थिर असतें आणि बुबुळें मात्र जवळदूर वळत राहतात. हा कलह खऱ्या जगांत नसतो. याचा परिणाम चमत्कारिक होतो. चौक यंत्रांत लहान भासला म्हणून विद्यार्थी तो वाढवितो, आणि ज्या अवास्तव विस्ताराची खोड काढण्यासाठीं यंत्र आणलें तीच दुसऱ्या वाटेनें परत येते.

दुसरा दोष रिकामेपणाचा. आभासी रस्ता स्वच्छ असतो, कारण घाण करणारा तेथें कोणी नसतो. फेरीवाला, हातगाडी, बसची वाट पाहणारी रांग, मिरवणूक, उघडें गटार, यांतील जें शिक्षकानें किंवा विद्यार्थ्यानें मुद्दाम घातलें असेल तेवढेंच त्यांत येतें. खऱ्या रस्त्यावर माणसें आधीं असतात आणि योजना मागून येते. येथें योजना आधीं येते आणि माणसें शोभेपुरतीं ठेवलीं जातात. ज्याची झोंपडी त्या जागीं आज उभी आहे तो त्या चित्रांतून एका बोटाच्या हालचालीनें नाहींसा होतो, आणि विद्यार्थ्याला त्याचें कांहीं वाटत नाहीं, कारण त्यानें त्याला कधीं पाहिलेलेंच नसतें. अंतराच्या चुकीपेक्षां हा धोका मोठा आहे. प्लेगनंतरच्या मुंबईंत नकाशावरील रेघेनें जें झालें तेंच उद्यां अधिक मोहक रीतीनें होऊं शकेल. रेघ निदान रेघेसारखी दिसते, हें चित्र तर खऱ्यासारखें दिसतें.

तिसरा दोष शरीराचा. आभासी रस्त्यावर डोळा चालतो, पाय चालत नाहींत. मुंबईच्या दादाभाई नवरोजी रस्त्यावरील कमानींखालून जाणारा पदपथ हें उदाहरण घ्यावें. त्या कमानींची लय आणि खांबांची रांग हेडसेटमध्यें उत्तम दाखवितां येईल. परंतु जुलै महिन्यांत धो धो पाऊस पडत असतां त्या कमानींखालीं कोरडें राहण्यांत जें सुख आहे, किंवा मे महिन्यांत उन्हांतून त्या सावलींत पाऊल टाकतांच जो गारवा लागतो, तो तेथें नाहीं. कमानी कां घातल्या हें त्या सुखावांचून कळत नाहीं; तें कळलें नाहीं तर विद्यार्थी पुढें कमानींचें चित्र नक्कल करील आणि त्या एक फूट खोलीच्या, केवळ दिखाऊ करून ठेवील.

आणखी एक उणीव वर्गाची. हेडसेट घातलेला विद्यार्थी एकटा पडतो. त्याला जें दिसतें तें शेजाऱ्याला दिसत नाहीं. शहर ही तर वादविवादानें घडणारी वस्तु. यावर उपाय म्हणून इलिनॉय विद्यापीठाच्या शिकागो येथील शाखेंतील कॅरोलिना क्रुझ-नेइरा, डॅनिएल सँडिन आणि टॉमस डीफांटी यांनीं १९९२ सालीं एक खोलीच अशी सिद्ध केली कीं, तिच्या भिंतींवर चित्रें उमटावीं आणि अनेकांनीं एकत्र उभें राहून तीं पाहावीं. ज्या विद्यालयांना ती परवडत नाहीं तेथें निदान एकाला दिसणारें चित्र पडद्यावर दाखवून बाकीच्यांनीं त्याच्याशीं बोलत राहावें, हा साधा उपाय आहे.

या सर्व दोषांवरचा मुख्य उतारा नवा नाहीं. तो गेडीस यांच्या बुरुजांतच आहे. भासानंतर लगेच प्रत्यक्ष. शिक्षकानें प्रथम गांवांतला एक खरा चौक निवडावा. विद्यार्थ्यांनीं तो पावलांनीं व टेपनें मोजावा, त्यांत सकाळीं व संध्याकाळीं तासभर बसावें, कोण कोठून येतो, कोठें थांबतो, कोण सावली शोधतो, हें टिपून घ्यावें. नंतर तोच चौक यंत्रांत उभा करावा आणि त्यांतील अंतरें विद्यार्थ्यांनीं अंदाजानें सांगावीं. किती चूक होते हें अशा रीतीनें प्रत्येकाला स्वतःपुरतें कळलें म्हणजे मगच त्यानें न झालेल्या चौकांत पाऊल ठेवावें. आणि जी योजना आंखली असेल ती ज्या लोकांच्या जागेवर व्हावयाची त्यांतील कांहींना बोलावून त्यांच्याहि डोळ्यांवर तें यंत्र चढवावें. भाजी विकणारी बाई त्यांत अर्ध्या मिनिटांत विचारील, “पाटी उतरवायची कुठें?” विद्यार्थ्यानें महिनाभर घोटलेल्या आराखड्याला तो प्रश्न पडलेला नसण्याचा संभव फार.

मयसभेंत दुर्योधन पडला तेव्हां भोंवतालचे हंसले, आणि त्या हंसण्याचें वैर झालें. विद्यालयांतील मयसभेंत पडण्याची मुभा हवी आणि हंसण्याची नको. कारण तेथें जो पाण्याला भूमि समजून पडेल तो निदान खऱ्या रस्त्यावर दुसऱ्याला पाडणार नाहीं, अशी आशा करतां येते. मात्र पाणी कोणतें आणि स्फटिक कोणता याची परीक्षा त्या सभेच्या आंत होत नाहीं. त्यासाठीं यंत्र खुंटीला अडकवून, टेप आणि वही घेऊन, उन्हांत बाहेर पडावें लागतें.